गोटीचे अहो

आमचे भावोजी गाडी चालवायला शिकवतात. एक गाडी, एक फळा आणि ते स्वतः, एवढाच त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलचा पसारा. शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, तो इतकी वर्षं दाबून दाबून त्यांच्या पायाला सवयच जडली आहे. घरी सोफ्यावर बसून बातम्या बघताना बातम्या देणारी बाई जरा भरभर बोलायला लागली की यांचा पाय जमिनीत रुततो. मी एकदा त्यांच्यासमोर नोकरी सोडायची गोष्ट काढली, तर तोंडाने काही बोलायच्या आधी त्यांनी ब्रेक दाबला.

कुणी त्यांना भित्रे म्हटलं की त्यांना राग येतो. ते म्हणतात, मी सावध आहे. माझी बहीण म्हणते, सावध माणूस पायरी बघून उतरतो, हे पायरीची चौकशी करून उतरतात.

ताईचं सगळं उलट. ती कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानात काउंटरवर बसते आणि समोरच्याने गाठोडं सोडायच्या आत त्याच्या घरात काय चाललंय ते तिला कळलेलं असतं. त्यांच्या संसारात वाटणी अशी आहे की निर्णय ताई घेते आणि त्याची काळजी भावोजी करतात. मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहते, त्यामुळे निर्णय आणि काळजी दोन्ही मला छतातून ऐकू येतात.

तर झालं असं की त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली आणि तिकडचीच होऊन बसली. तिच्या खोलीत भावोजींनी जुने टायर रचले. ताईला ते टायर डोळ्यांत खुपत होते, पण टायर काढून तिथे ठेवायचं काय, हे तिलाही सुचत नव्हतं. अशात एक दिवस तिच्या काउंटरवर एक बाई कोट घेऊन आल्या. कोटाच्या खांद्यावर दुधाचा वाळलेला डाग होता.

"हा कोट आहे की बाळाचं लाळेरं?" ताईने विचारलं.

बाई हसल्या आणि मग काउंटरलाच टेकून उभ्या राहिल्या, कारण त्या सकाळपासून पायांवर होत्या. त्या एका संस्थेत काम करायच्या. ज्या मुलांना काही काळ आईवडिलांपाशी राहता येत नाही, म्हणजे कुणी आजारी आहे, कुणी गजाआड आहे, कुणाच्या घरात नीट वागवत नाहीत, त्यांच्यासाठी तात्पुरती घरं शोधायचं त्यांचं काम. घरची घडी बसली की मूल परत जातं. त्या दिवशी त्या एका तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन घर शोधत फिरल्या होत्या आणि प्रत्येकाने कौतुक करून दार लावून घेतलं होतं.

ताई संध्याकाळी घरी आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "अहो, ते टायर दुसरीकडे कुठे ठेवता येतील?"

एवढंच. बाकीचं भावोजींना तिच्या तोंडावरून कळलं. वरून दोनदा धप्प असा आवाज आला. तो त्यांचा पाय.

त्यानंतर दोघं संस्थेच्या वर्गाला जायला लागली. तिथे शिकवायचे, मूल चिडलं तर काय करायचं, मूल खोटं बोललं तर काय करायचं, मूल बोललंच नाही तर काय करायचं. ताई खिडकीजवळ बसून शेजारणीशी गप्पा मारायची. भावोजी पहिल्या बाकावर. त्यांचे प्रश्न असे: मूल घराच्या गच्चीवर गेलं आणि त्याच वेळी खाली दूध उतू जात असेल तर आधी कुठे धावायचं? शिकवणाऱ्या बाईंनी म्हणे एकदा सगळ्या वर्गाला चहाला सोडलं, ते केवळ भावोजींचा हात वर होता म्हणून.

मग मॅडम घर बघायला आल्या. त्याच, कोटवाल्या. भावोजींनी आठवडाभर शिकवणी बंद ठेवून घराची तयारी केली होती. टेबलाच्या कोपऱ्यांना फोम, ड्रॉवरना चाप, खिडक्यांना जाळ्या, प्लगांना झाकणं. मुलाने आतून कडी लावून घेऊ नये म्हणून बाथरूमच्या दाराला त्यांनी अशी कडी बसवली होती की ती फक्त बाहेरून उघडायची. ही गोष्ट सांगायची राहून गेली. मॅडम हात धुवायला आत गेल्या आणि दार मागे आपोआप बंद झालं.

"मॅडम, घाबरू नका," भावोजी दाराला तोंड लावून त्यांच्या शिकवायच्या आवाजात म्हणाले. "खोल श्वास घ्या. दोन्ही हात मोकळे ठेवा. कुठेही बघू नका, समोर बघा."

"समोर आरसा आहे," आतून आवाज आला.

"उत्तम. आरशात बघा."

कडी अडकली होती. शेवटी मी खालून स्क्रूड्रायव्हर घेऊन गेले आणि बिजागऱ्या सोडवून दार उचलून बाजूला ठेवलं. मॅडम टॉवेलला हात पुसत बाहेर आल्या. भावोजींच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं. त्यांना वाटलं, झालं, आता आपल्याला मांजरसुद्धा सांभाळायला देणार नाहीत.

"घर सुरक्षित आहे," मॅडम म्हणाल्या. "थोडं कमी केलंत तरी चालेल."

ती कडी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांसमोर काढून घेतली आणि आपल्या पर्समध्ये टाकली.

मुलं आली ती एका दुपारी. दोघं. एक मुलगी, दहाच्या आतबाहेरची, आणि तिचा चारेक वर्षांचा भाऊ. दोघांची मिळून एक पिशवी. मुलीने भावाचं मनगट असं धरलं होतं की जणू सोडलं तर तो वर उडून जाईल. भाऊ गोल होता, सगळीकडून. त्याचं नाव काहीतरी भारदस्त होतं, पण बहीण त्याला गोटी म्हणायची, तेच राहिलं.

मॅडमनी आधी सगळं सांगितलं होतं. वडील कधीचे निघून गेलेले. आईला मनाचा आजार झाला आणि ती अंथरुणातून उठेनाशी झाली. ही मुलगी कित्येक महिने घर चालवत होती. भाताचा कुकर लावायची, गोटीला न्हाऊ घालायची, दारावर कुणी आलं तर आई अंघोळीला गेली आहे म्हणून सांगायची. शेवटी शाळेत बाईंना शंका आली, कारण कुणाचीच आई रोज इतका वेळ अंघोळ करत नाही. आता आईवर इस्पितळात उपचार चालू होते.

मी संध्याकाळी वर गेले आणि दारातूनच हाक मारली, "ताई."

स्वयंपाकघरातून ती मुलगी बाहेर आली. कमरेला टॉवेल खोचलेला, हातात डाव. "काय काम आहे?"

गोटी तिला ताई म्हणायचा आणि ती त्या हाकेला इतक्या काळजीने ओ द्यायची की आमच्या ताईचं ताईपण गेलंच. तेव्हापासून आमच्याकडे मोठी ताई आणि छोटी ताई असा व्यवहार सुरू झाला. पण घरात कोण मोठी आणि कोण छोटी, यावर पहिले काही आठवडे मतभेद होते. "त्याला वाटाणे देऊ नका, नाकात घालतो," छोटी ताई बजावायची. "दूध गार लागतं. अंघोळ मी घालणार. तुम्ही साबण डोळ्यांत घालाल." आमच्या ताईने एक मुलगी वाढवून नोकरीला लावली होती, पण ती मुकाट्याने साबण तिच्या हातात द्यायची.

"आपण सांभाळायला मूल आणलंय की मुकादम?" भावोजी हळूच म्हणाले.

"गप्प बसा. तिला नोकरीवरून एकदम काढून कसं चालेल," ताई म्हणाली.

गोटीचं तसं काही नव्हतं. तो तिसऱ्या दिवशी घरभर लोळायला लागला. प्रश्न एवढाच होता की त्याने भावोजींना हाक काय मारायची. मॅडम म्हणाल्या होत्या, आईबाबा म्हणायला लावू नका, त्याचं तो ठरवेल. ताईने काका सुचवलं, भावोजींना स्वतःला सर आवडलं असतं. गोटीने काही दिवस नुसतं ऐकलं. घरात या माणसाला कोण काय म्हणतं, ते त्याने नीट बघून ठेवलं. आणि एक दिवस बाथरूममधून खणखणीत आवाज आला:

"अहो, शू झाली."

ताई हसून हसून ओट्याला टेकली. भावोजी गोरेमोरे झाले, पण हाकेला जाणं भाग होतं. पुढे तेच रूढ झालं. "अहो, बूट घाला." "अहो, मला उचला." "अहो, तुम्ही घोरता." एकदा बाजारात गोटी हरवला तेव्हा दुकानदाराने विचारलं, बाळ, कुणाबरोबर आलास, तर हा म्हणाला, अहोंबरोबर. दुकानदाराने माईकवरून पुकारा केला की अहो जिथे कुठे असतील तिथून गल्ल्यावर यावं. भावोजी सांगतात, त्यांच्याबरोबर दुसरेही बरेच नवरे धावत आले होते.

भावोजींचंही काही गोटीला लागलं. घाबरलेल्या विद्यार्थ्याला ते एकच मंत्र देतात: आधी आरसा, मग सिग्नल, मग वळायचं. ते हे घरातही पुटपुटतात. गोटी जेवण झाल्यावर खुर्चीतून उतरण्याआधी मान डावीउजवीकडे वळवायचा, एक हात बाहेर काढायचा आणि मगच खाली उडी मारायचा. एकदा हात बाहेर काढताना त्याने माझ्या सुपाची वाटी माझ्याच मांडीत उलटी केली. भावोजी म्हणाले, "सिग्नल बरोबर होता. तू बघितला नाहीस."

मग अंड्याचं झालं. सकाळी भावोजींना घाई होती, त्यांनी बुटात पाय घातला आणि आत काहीतरी मऊ फुटलं. पाय बाहेर काढला तर मोज्याला उकडलेलं अंडं. दुसऱ्या बुटात पावाचे तुकडे, त्यांना मुंग्या. मग ताईने शोधाशोध केली, तर उशीच्या अभ्र्यात बिस्किटं, पडद्याच्या दुमडीत सफरचंद, टेबलाच्या मागे वाळून काडी झालेला भात.

छोटी ताई दारात उभी होती. तोंड पांढरंफटक. गोटीचं मनगट तिने पुन्हा पहिल्या दिवसासारखं पकडलं होतं. ती नुसती वाट बघत राहिली, की आता हे काय करणार.

भावोजींनी एकदा अंड्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे.

"मीठ नाही लावलंस," ते म्हणाले, आणि दुसरा मोजा आणायला आत गेले.

त्या दिवशी ताईने ओट्याखालचं एक छोटं कपाट रिकामं केलं. छोटी ताईला सांगितलं, हे तुझं. यात नेहमी खायला असेल. तू उघडायचं, तुला वाटेल तेव्हा, कुणी विचारणार नाही. आणि ते संपलं की मी भरणार. मुलीने ते कपाट सुरुवातीला दिवसातून किती वेळा उघडून बघितलं असेल, देव जाणे. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी कपाट. हळूहळू बुटातलं सामान कमी झालं. मधल्या काळात बिस्किटंही कमी व्हायला लागली, म्हणून तिने एक दिवस पहारा ठेवला आणि चोर पकडला. चोर गुडघ्यांवर बसला होता आणि त्याचं डोकं कपाटात होतं.

"ही क्रीमची आहेत ना," भावोजी आतून म्हणाले, "मी नुसतं बघत होतो."

त्यांना शिक्षा म्हणून आठवडाभर भांडी घासावी लागली. ती शिक्षा सुनावताना छोटी ताई पहिल्यांदा हसली, असं ताई सांगते. मला वाटतं आधीही हसली असेल, पण ताईच्या गोष्टीत मी बोलत नाही.

एके दिवशी गोटी जिन्यात पडला आणि त्याचा गुडघा फुटला. दोघी तायांनी एकदम हात पुढे केले, तर हा पठ्ठ्या दोघींना ओलांडून "अहो" करत भावोजींच्या गळ्यात पडला. भावोजींना इतका आनंद झाला की रक्त त्यांच्या शर्टाला लागलं तेही कळलं नाही. छोटी ताई मात्र आत गेली आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली. जेवायला आली नाही. आमची ताई तिच्यापाशी जाऊन बसली.

"तुला राग आलाय," ताई म्हणाली. "साहजिक आहे. इतके महिने तू एकटीने केलंस. आता थोडे दिवस सुट्टी घे."

भिंतीकडून आवाज आला, "सुट्टीत काय करतात?"

ताईने हे खाली येऊन मला सांगितलं आणि ती तिथेच जमिनीवर बसली. मी तिला पाणी दिलं.

भावोजींनी तो प्रश्न मनावर घेतला. त्यांनी कुठूनशी एक जुनी सायकल आणली, तिला तेलपाणी केलं आणि छोटी ताईला आणि मला मैदानावर घेऊन गेले. एरवी त्यांचे विद्यार्थी गाडीत बसलेले असतात आणि हेही शेजारी बसलेले असतात. सायकलला ही सोय नाही. हे सीट धरून मागे धावत होते.

"सोडा," ती ओरडली.

"सोडतो," हे म्हणाले आणि सोडलं नाही.

मैदानाला फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. ती पुढे, हे मागे, टाय खांद्यावर उडतोय, तोंडाला फेस. "सोडलंत का?" "सोडतोच आहे." शेवटी त्यांचे पायच संपले आणि ते गवतात आडवे झाले. सायकल मात्र पुढे गेली ती गेलीच. तिने वळून बघितलं तेव्हा ती मैदानाच्या पलीकडच्या टोकाला पोचली होती. आणि मग, त्यांना काही झालं तर नाही ना हे बघायला परत येण्याऐवजी, तिने आणखी एक फेरी मारली. भावोजी गवतात पडल्या पडल्या मला म्हणाले, "बघ, हिला सुट्टी जमायला लागली."

असे दिवस जात होते. थोड्या आठवड्यांसाठी आलेली मुलं वर्षभर राहिली. आणि मग त्यांची आई बरी झाली.

ती सुरुवातीला मॅडमबरोबर भेटायला यायची. बारीक, हळू बोलणारी, खुर्चीच्या अगदी काठावर बसायची. चहा दिला की थँक्यू, कप उचलला की थँक्यू, मी आत आले तर मलाही थँक्यू, आणि माझा काय संबंध. मुलं आधी जरा लांब राहिली. मग गोटी जाऊन तिच्या मांडीवर बसला. छोटी ताईने तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मला वाटतं तिला दुसरं काही सुचलं नाही.

आईला राहायला खोली मिळाली होती. काम मिळालं की मुलं तिच्याकडे द्यायची, असं संस्थेचं ठरलं. आमच्या ताईच्या दुकानात घरोघर कपडे पोचवणारी व्हॅन होती आणि तिचा ड्रायव्हर नुकताच निवृत्त झाला होता.

"तुम्हाला गाडी येते?" ताईने विचारलं.

"नाही," आई म्हणाली.

"हे शिकवतील. फुकट."

भावोजींना चहाचा ठसका लागला.

दुसऱ्या आठवड्यापासून शिकवणी सुरू झाली. आणि भावोजींच्या दुर्दैवाने बाईला गाडी यायला लागली. हलका हात, शांत नजर, घाई नाही. बोलताना अडखळणारी ही बाई गियर टाकताना अजिबात अडखळायची नाही. असा विद्यार्थी वर्षातून एखादा मिळतो, असं भावोजी एरवी अभिमानाने सांगत फिरले असते. या वेळी ते घरी येऊन म्हणायचे, "अजून रिव्हर्स कच्चा आहे." रिव्हर्स झाला तेव्हा चढावरची गाडी. चढ झाला तेव्हा पावसातली गाडी, आणि पाऊस पडेपर्यंत थांबायला हवं. परीक्षेची तारीख दोनदा पुढे गेली. आई बिचारी "थँक्यू सर" म्हणायची आणि पुन्हा येऊन बसायची.

एका सुट्टीच्या दिवशी छोटी ताई मागच्या सीटवर होती. आईने चौकातून वळण घेतलं, व्यवस्थित, आरसा, सिग्नल, सगळं. गाडी खाडकन थांबली. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला.

"सॉरी सर, काय चुकलं?" आईने विचारलं.

भावोजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जरा वेग जास्त होता."

"नव्हता," मागून आवाज आला. "मी काटा बघत होते. आईला गाडी येते. तुम्हीच उगाच ब्रेक दाबताय."

भावोजींनी ब्रेकवरून पाय काढला. मागचा हॉर्नवालासुद्धा गप्प झाला, असं भावोजी सांगतात, पण ते त्यांना तसं वाटलं असेल.

संध्याकाळी ते वर जायच्या आधी माझ्याकडे आले. पाणी मागितलं, प्यायले, पुन्हा मागितलं. "माझ्याकडून लबाडी होतेय," ते म्हणाले. "आजवर मी कुणाला न येता पास म्हटलं नाही आणि येऊन नापास म्हटलं नाही. हिच्या बाबतीत माझा पायच ऐकत नाही. ती पास झाली की मुलं जाणार."

"ताईला सांगितलंत?"

"कसं सांगू? तिला वाईट वाटेल, मी असा आहे म्हणून."

मी त्यांना हाताला धरून वर नेलं. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यांनी सगळं सांगितलं, मान खाली घालून. ताईने गोटीच्या शर्टाची घडी पुरी केली, तिच्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "मला कधीच कळलंय. तुम्हाला कधी कळतंय त्याची वाट बघत होते. तसं म्हटलं तर मीही घाई केली नाही." मग दोघं घड्या घालत बसली. भावोजींना घडी घालता येत नाही. त्यांनी घातलेल्या ताईने नंतर पुन्हा घातल्या.

परीक्षेच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. परीक्षक गाडीत बसले, आई चाकामागे, आणि भावोजींना पहिल्यांदाच आपल्या विद्यार्थ्याची परीक्षा फुटपाथवरून बघावी लागली, कारण आतमध्ये बसलो तर मी काहीतरी करीन, असं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. गाडी हलली तशी ते फुटपाथवर पाय दाबायला लागले. गाडी वळली, यांनी दाबला. गाडी मागे आली, यांनी दोन्ही दाबले. परीक्षकाने काच खाली करून विचारलं, "या गृहस्थांना काही त्रास होतोय का?"

"ते आमचे अहो आहेत," गोटीने सांगितलं.

आई पास झाली. पास झाल्यावर ती गाडीतून उतरली, भावोजींसमोर आली आणि थँक्यू म्हणायला तोंड उघडलं, पण तिला ते म्हणता आलं नाही. इतक्या वेळा म्हणून नेमक्या वेळी संपलं. भावोजी म्हणाले, "रिव्हर्स आधीपासूनच पक्का होता." त्यांची माफी मागायची पद्धत ही.

मुलं न्यायला आई दुकानाची व्हॅन घेऊन आली. आता दोन पिशव्या, एक खोका आणि सायकल. छोटी ताईने आमच्या ताईला स्वयंपाकघरात नेऊन शेवटच्या सूचना दिल्या: गॅसचं डावं बटण घट्ट आहे, अहोंना संध्याकाळनंतर बिस्किटं देऊ नका. मग तिने ताईच्या कमरेला मिठी मारली आणि सोडायचं विसरली. ताईनेही आठवण करून दिली नाही.

गोटी व्हॅनमध्ये चढला आणि शेजारच्या जागेवर हात आपटत म्हणाला, "अहो, बसा." मग आईकडे वळला. "आई, अहोंना पण घे."

आईला कुठे बघावं कळेना. भावोजींना तर त्याहून कळेना. शेवटी ताई म्हणाली, "अहो माझे आहेत, ते मी देणार नाही. तुला वापरायला रविवारी मिळतील." गोटीला हा सौदा पटला.

व्हॅन गेल्यावर भावोजींनी जाहीर केलं, की आता पुरे, पुन्हा हे होणे नाही, जिवाला फार लागतं. टायर परत त्या खोलीत आणून ठेवले. दोन दिवसांनी बाहेर काढले. म्हणाले, रबराचा वास येतो.

काही आठवड्यांनी मॅडम दुकानात कोट घेऊन आल्या. कोटाला डाग नव्हता. ताईने तो उलटापालटा केला, त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "किती वर्षांचं आहे?"

ती तेरा वर्षांची होती, तिसऱ्या घरातून परत आलेली. तिने दारातच सांगितलं, "मी इथे राहणार नाही."

"बरं," भावोजी म्हणाले. "मग जेवून जा."

ती जेवली. मग म्हणाली उद्या जाईन. भावोजी म्हणाले उद्या आम्लेट आहे. पुढे ती रोज जाणारच होती, पण रोज काही ना काही खायला असायचं. आता तिला आमच्याकडे दोन वर्षं होत आली. बोलते कमी, डोळे फिरवते जास्त, आणि तिच्या खोलीच्या दारावर तिने परवानगीशिवाय येऊ नये असं लिहून ठेवलंय. भावोजी तिथे दार वाजवून, नाव सांगून, कारण सांगून आत जातात.

रविवारी व्हॅन येते. छोटी ताई आता लांब झाली आहे आणि भावाचं मनगट धरत नाही. उलट गोटीच या नव्या मुलीला घर दाखवायला निघाला होता पहिल्या भेटीत, जणू ही काल आली आणि हा इथला मालक. "इथे जास्तीचं मागितलं तर देतात," तो सांगत होता. "मोठी ताई ओरडते पण ते खरं नसतं. खालच्या मजल्यावर मावशी आहे, तिच्याकडे चॉकलेट असतं, पण ती लपवते."

मी लपवत नाही. वरच्या फळीवर ठेवते.

परवा ती तेरा वर्षांची, आता पंधराची, खाली आली. माझ्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली, बराच वेळ नखं कुरतडली आणि मग भिंतीला विचारल्यासारखं विचारलं, "मावशी, गाडी शिकायला किती वय लागतं?"

मी म्हटलं, "ते वर जाऊन त्यांनाच विचार. पण आधी जेवून घे, ते सांगायला लागले की अन्न गार होतं."